‘बीटाच ती, अडकणारच!’

संगणकाच्या जगात एक उत्तर असं आहे, की ते द्यायला काहीही माहीत असावं लागत नाही. कुणी सांगावं, ‘ऑपरेटिंग सिस्टिमची नवी चाचणी आवृत्ती टाकली आणि लॅपटॉप मध्येच गोठतोय’, की समोरून लगेच येतं, ‘‘अरे, बीटाच ती, अडकणारच. पॉवरचं बटण दाबून धर, परत चालू कर. आणि एवढा त्रास होत असेल तर स्टेबल टाक ना!’’ कॉलेजातला भाचा हे सांगतो आणि आयटीत वीस वर्षं काढलेला काकाही हेच सांगतो. दोघांच्याही सुरात इतकी खात्री असते, की विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी बावळट प्रश्न विचारला असं वाटू लागतं.

या तीन वाक्यांपैकी पहिल्यात अर्धं सत्य आहे, तिसऱ्यात फुकटेपणा आहे आणि मधल्यात पुरावा नष्ट करण्याचा सल्ला आहे. माझा मुख्य रोख त्या मधल्या वाक्यावर आहे. पण पहिलं आणि तिसरं आधी निकालात काढतो, कारण मधल्याला बळ त्यांच्यामुळेच मिळतं.

चाचणी आवृत्ती अडकते, हे खरंच. लिनक्स कर्नलचं, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, उदाहरण घेऊ, कारण तिथला कारभार उघड्यावर चालतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात, आणि ते बहुधा दहा हजारांच्या वर असतात. मग दार बंद होतं आणि दर आठवड्याला एक आरसी, म्हणजे उमेदवार आवृत्ती, निघते. अशा सात किंवा आठ निघाल्या की अंतिम आवृत्ती जाहीर होते. एवढा माल आत ओतल्यावर कुठेच काही अडकलं नाही तरच नवल. पण ‘अडकणारच’ म्हणणारा तिथेच थांबत नाही. अडकणं अपेक्षित आहे, तेव्हा ते का अडकलं हे विचारण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष तो गुपचूप पुढे सरकवतो. खरं तर या सात-आठ आठवड्यांचं दुसरं कामच नाही. ‘का अडकलं’ हे विचारण्यासाठीच ते राखून ठेवलेले असतात.

आणि कोड काही बरणीतल्या लोणच्यासारखा नुसता ठेवून मुरत नाही. पहिली आरसी आणि आठवी आरसी यांच्यात जो फरक पडतो, तो कॅलेंडरची पानं उलटली म्हणून पडत नाही. गोठलेल्या यंत्रासमोर कुणीतरी बसून राहिलं, काय घडलं ते नीट लिहून पाठवलं, आणि ते वाचून कुणीतरी चार ओळी दुरुस्त केल्या, म्हणून तो पडतो. ‘स्टेबल टाक’ सांगणाऱ्याच्या डोक्यात स्टेबल ही वेगळ्याच कारखान्यात तयार झालेली वस्तू असते. प्रत्यक्षात ती कालची बीटाच असते, इतरांनी निस्तरलेली. सगळ्यांनीच त्याचा सल्ला मानला तर पुढची स्टेबल ही न निस्तरलेली बीटा असेल, एवढंच.

आणखी एक गोष्ट या मंडळींच्या गावीही नसते. चाचणी आवृत्ती ही केवळ कच्ची आवृत्ती नसते. पुष्कळदा ती मुद्दाम बोलकी केलेली असते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘करंट’ या चाचणी शाखेत ‘विटनेस’ नावाची सोय सुरूच असते. कोणत्या कुलपानंतर (कुलूप म्हणजे एखादी सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारी सोय) कोणतं कुलूप घेतलं, यावर ती पाळत ठेवते आणि क्रम उलटासुलटा झाला की बोंब मारते. तिच्या जोडीला ‘इन्व्हेरियंट्स’ असतं, जे पावलोपावली ‘हे असंच असायला हवं ना?’ म्हणून तपासत राहतं. या पहाऱ्यामुळे ती शाखा जड चालते. मग कुणीतरी तिच्या वेगाची मोजमापं काढून ‘फ्रीबीएसडी किती मंद’ म्हणून निकालही देऊन टाकतो, ते वेगळं. लिनक्समध्ये हेच काम ‘लॉकडेप’ करतं. इंगो मोल्नार यांनी लिहिलेलं हे तंत्र २००६ साली कर्नलमध्ये आलं. दोन प्रक्रिया एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकू शकतील अशी शक्यता नुसती दिसली, तरी प्रत्यक्ष अडकण्याआधीच ते इशारा देतं. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ‘रॉहाइड’ शाखेतही तपासणीच्या सोयी चालू ठेवलेले कर्नल बनवले जातात. म्हणजे यंत्र अडकण्याचा प्रसंग यायचाच असेल तर तो इथे यावा, असाच सगळा बेत असतो, कारण मूळ दोष सापडण्याची शक्यता इथेच सर्वात जास्त. त्याच जागी उभं राहून ‘इथे अडकणारच, लक्ष देऊ नकोस’ असं सांगायचं, म्हणजे पॅथॉलॉजीच्या दारातून रुग्णाला त्याचं रक्त न घेताच परत पाठवण्यासारखं आहे.

आता ते बटण.

क्रॅश आणि हँग यांना आपण एकाच पंक्तीत बसवतो. तपासाच्या दृष्टीने त्यांच्यात फार मोठं अंतर आहे. क्रॅश होताना यंत्राला आपण पडलो हे कळतं. निळा पडदा येतो, स्मृतीची प्रत उतरवून ठेवली जाते, शेवटचा आकांत कुठेतरी नोंदला जातो. हँगमध्ये आपल्याला काही झालंय हेच पुष्कळदा यंत्राला ठाऊक नसतं. एक प्रक्रिया कशाची तरी वाट पाहत आहे; ती वाट कधीच संपणार नाही, हे तिला कोण सांगणार? अशा वेळी काय बिघडलं याची संपूर्ण हकीकत जिवंत असते, पण ती फक्त रॅममध्ये. कोण कशासाठी थांबलंय, कुणाच्या हातात कोणतं कुलूप आहे, कोणता प्रोसेसर कोणत्या ओळीवर गरगरतोय, हे सगळं त्या क्षणी तिथे हजर असतं. वीज तोडली की ते गेलं. डिस्कवर उरतं ते काय, तर अडकण्याआधीच्या शेवटच्या यशस्वी लेखनापर्यंतचं. आणि अडकलेली गोष्ट डिस्कच असेल, तर तेही नाही.

विंडोजवर हे फार केविलवाण्या रीतीने दिसतं. बटण दाबून बंद केलेलं यंत्र पुन्हा सुरू केलं, की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. लोक तिच्याकडे निदान म्हणून पाहतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. ते तर आपल्याला माहीतच होतं. बटण आपणच दाबलं होतं.

पडदा गोठला म्हणजे यंत्र गोठलं, असंही नाही. गाणं चालू आहे आणि चित्र थांबलंय, तर संशय ग्राफिक्सवर घ्यायचा. कॅप्स लॉकचा दिवा किल्लीसरशी उघडझाप करतो का, ते पाहायचं. घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून पिंग करून पाहायचं. पिंगला उत्तर येतंय पण एसएसएचने आत शिरता येत नाही, ही फार बोलकी स्थिती आहे. पिंगला उत्तर कर्नल परस्पर देतो, त्याला कुठलाही प्रोग्रॅम जागा असावा लागत नाही. म्हणजे कर्नल शुद्धीवर आहे आणि वरच्या प्रक्रिया कशावर तरी, बहुधा डिस्कवर, खोळंबल्या आहेत. एसएसएचने आत जाता आलं तर मग सोन्याहून पिवळं, सगळा लॉग हातात. यातलं काहीच जमलं नाही तरच यंत्र खऱ्या अर्थाने खोल अडकलं म्हणायचं. हे तपासायला कुठलीही पदवी लागत नाही आणि दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळही जात नाही.

ती मिनिटं अगदी शब्दशः महत्त्वाची आहेत. लिनक्स कर्नलमध्ये अडकणं ओळखणारे पहारेकरी वेगवेगळ्या मुदतीचे असतात. एखादा प्रोसेसर इंटरप्टसुद्धा (म्हणजे उपकरणांनी मारलेली हाक) घेईनासा झाला, तर सुमारे १० सेकंदांत त्याची दखल घेतली जाते. इंटरप्ट घेतोय पण एकाच कामात अडकून दुसऱ्या कुणाला वेळ देत नाही, तर २० सेकंदांनी. आणि एखादी प्रक्रिया डिस्कची किंवा कुलपाची वाट पाहत न उठवता येणाऱ्या झोपेत गेली असेल, तर तिची नोंद मूळ मांडणीनुसार १२० सेकंद उलटल्याशिवाय होतच नाही. माणूस किती वेळ थांबतो? अर्धं मिनिट, फार तर एक. मग वैतागून बटण. म्हणजे साक्षीदार तोंड उघडणार, त्याच्या मिनिटभर आधीच त्याचा गळा आवळला जातो. आणि वर आपणच म्हणतो, लॉगमध्ये काहीच सापडलं नाही.

थांबून भागत नसेल तर विचारण्याचीही सोय आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू (म्हणजे बहुतेक कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनची किल्ली) दाबून एक अक्षर द्यायचं. डब्ल्यू दिलं तर खोळंबलेल्या प्रक्रियांची यादी आणि त्या कुठे खोळंबल्यात ते लॉगमध्ये उतरतं. एल दिलं तर प्रत्येक कामात असलेला प्रोसेसर या क्षणी काय करतोय ते. मग एस देऊन जे लिहिता येईल ते डिस्कवर लिहायचं, यू देऊन डिस्क केवळ वाचनापुरत्या करायच्या आणि बी देऊन यंत्र पुन्हा सुरू करायचं. ही शेवटची तीन अक्षरं बऱ्याच लिनक्सवाल्यांना तोंडपाठ असतात. पहिली दोन मात्र फारशी कुणाला माहीत नसतात, आणि त्याला वितरणांचाही हातभार आहे. उबुंटूत या सोयीचा आकडा मुळात १७६ ठेवलेला असतो. १६, ३२ आणि १२८ यांची ती बेरीज: डिस्कवर लिहिणं, वाचनापुरतं करणं, पुन्हा सुरू करणं. प्रक्रियांची हकीकत बाहेर काढण्याची परवानगी ८ या आकड्यात असते आणि तो या बेरजेत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्याला कारण आहे, ते मी नाकारत नाही. कुणीही येऊन किल्ली दाबून आतली माहिती उतरवू नये. पण चाचणी आवृत्ती चालवणाऱ्याने तो आकडा आधीच बदलून ठेवायला नको का? यंत्र गोठल्यावर बदलता येत नाही, हे सांगायला नको.

विंडोजवरही अशी पळवाट आहे. रजिस्ट्रीत आधी एक नोंद करून ठेवली, तर उजवी कंट्रोल किल्ली दाबून धरून स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की यंत्र मुद्दाम निळ्या पडद्यावर आणता येतं आणि स्मृतीची प्रत मिळते. म्हणजे मूक हँगचं बोलक्या क्रॅशमध्ये रूपांतर करायचं. ज्या लॅपटॉपवर स्क्रोल लॉकच नाही त्याच्या मालकाने काय करावं, हा रास्त प्रश्न आहे. कंपन्यांनी त्याचं सोपं उत्तर द्यायला हवं.

इथे जाणकार प्रतिपक्ष पुढे येतो. त्याचं म्हणणं भाच्यापेक्षा वजनदार असतं. तो म्हणतो, हे सगळं गोठल्या जागी तपासणं म्हणजे जुन्या काळचं खूळ. कालची आवृत्ती चालत होती, आजची अडकते. मधल्या बदलांचे दोन-दोन भाग करत जा, दोषी बदल आपोआप सापडेल. गिटमध्ये त्यासाठी ‘बायसेक्ट’ आहेच. सोळा हजार बदल असले तरी चौदा फेऱ्यांत निकाल. यात बटण दाबलं काय अन् न दाबलं काय!

बायसेक्ट हे उत्तम हत्यार आहे. पण ते आरोपी दाखवतं, गुन्हा दाखवत नाही. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी लिनक्स ५.३ची हकीकत समजून घ्यावी. सप्टेंबर २०१९. आठवी आरसी निघालेली, अंतिम आवृत्ती आठवड्यावर आलेली. एका विकसकाचा लॅपटॉप सुरू होताना लॉगिनचा पडदा येण्याआधीच थांबू लागला. त्याने बायसेक्ट केलं. दोषी निघाला तो ईएक्सटी४ या फाइल प्रणालीतला एक निरुपद्रवी बदल. त्या बदलाने काय केलं होतं? डिस्कवरून वाचायच्या गोष्टी सुट्या सुट्या न मागता एकत्र मागायला सुरुवात केली होती. म्हणजे डिस्कची कामं कमी, वेग जास्त. यात अडकण्यासारखं काय आहे?

खरी गोष्ट दुसऱ्याच खोलीत होती. यादृच्छिक आकडे बनवण्यासाठी कर्नलला अनिश्चितता गोळा करावी लागते, आणि ती मिळते इंटरप्ट कोणत्या क्षणी आले यावरून: डिस्कचे, कीबोर्डचे. लॉगिनच्या प्रोग्रॅमला सुरुवातीलाच काही यादृच्छिक बाइट हवे होते. पुरेशी अनिश्चितता जमेपर्यंत कर्नल त्याला थांबवून ठेवत होता, आणि त्या थांबण्याला मुदत नव्हती. पूर्वी डिस्कचे इंटरप्ट भरपूर येत, ते मडकं भरून जाई. नव्या बदलाने इंटरप्ट कमी झाले आणि मडकं अर्धवट राहिलं. वापरणाऱ्याने किल्ल्या दाबल्या असत्या तर त्यानेही भरलं असतं. पण पडद्यावर काही दिसल्याशिवाय माणूस किल्ल्या कशाला दाबेल? यंत्र माणसाची वाट पाहत होतं आणि माणूस यंत्राची.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी १५ सप्टेंबरला ५.३ जाहीर करण्याच्या अगदी आधी ईएक्सटी४चा तो बदल मागे घेतला. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं कुणाला वाटेल. पण संन्यासी निर्दोष आहे हे न्यायाधीशाला पुरतं ठाऊक होतं. चालणारं यंत्र नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये, या नियमापोटी केलेली ती मलमपट्टी होती. लगेच पुढच्या, म्हणजे ५.४च्या कामात यादृच्छिक आकड्यांच्या यंत्रणेवर दुरुस्ती आली: नुसतं वाट पाहत बसू नको, स्वतः खटपट करून अनिश्चितता मिळव. सप्टेंबर संपता संपता ती झाली आणि ईएक्सटी४चा बदल सन्मानाने परत आत घेतला गेला. यातली एक गंमत अशी, की ईएक्सटी४ आणि यादृच्छिक आकड्यांची यंत्रणा, दोन्हींची देखभाल तेव्हा टेड त्सो या एकाच माणसाकडे होती. नुसत्या बायसेक्टवर विसंबणाऱ्यांनी वेग वाढवणारा चांगला बदल कायमचा गाडला असता आणि खरा दोष तसाच राहिला असता. तो कोणत्या तरी दुसऱ्या चांगल्या बदलाच्या वेळी पुन्हा वर आला असता. प्रक्रिया कुठे थांबली आहे, हे गोठल्या जागी पाहिलं म्हणून खरं कारण उघड झालं.

हा झाला दर वेळी हमखास अडकणाऱ्या यंत्राचा किस्सा. कधी तरी अडकणाऱ्या यंत्रापुढे बायसेक्टची अवस्था आणखी बिकट होते. नोव्हेंबर २०१४मध्ये, लिनक्स ३.१८च्या आरसी चालू असताना, तेव्हा रेड हॅटमध्ये असलेले डेव्ह जोन्स आपल्या ‘ट्रिनिटी’ या हत्याराने कर्नलवर वेड्यावाकड्या मागण्यांचा भडिमार करून पाहत होते. यंत्र अडकू लागलं, पण लगेच नाही, काही तास चालून. स्वतः टॉरवाल्ड्स या शोधात उतरले. संशय एका भागावरून दुसऱ्या भागावर गेला: स्मृतीच्या पानांची हाताळणी, प्रोसेसरांनी एकमेकांना पाठवायचे निरोप, वेळ मोजणारं घड्याळ. आधी निर्दोष समजलेली ३.१७ आवृत्तीही सुटली नाही. ७ डिसेंबरला ३.१८ जाहीर झाली तेव्हा, ३.१७पासून काही जणांना छळणारा हा प्रश्न सुटलेला नाही, असं टॉरवाल्ड्स यांनी सरळ सांगून टाकलं. जगातले सर्वात तयारीचे लोक हाताशी, यंत्र समोर, आणि तरी हे.

का, ते साध्या हिशेबाने कळतं. समजा, दोष असलेलं यंत्र सरासरी सहा तासांनी एकदा अडकतं. तुम्ही एक आवृत्ती सहा तास चालवली, अडकली नाही, ‘चांगली’ म्हणून शिक्का मारला. त्या आवृत्तीत दोष असला, तरी ती सहा तास तशीच निभावून जाण्याची शक्यता ३७ टक्के असते. ही चूक पाच टक्क्यांवर आणायची तर अठरा तास चालवायला हवी. दोष नसलेल्या आवृत्त्यांवर तर हे पूर्ण अठरा तास जाणारच. आणि चौदा फेऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे सात, सदोष आवृत्त्यांवर पडल्या असं धरलं, तर त्या सातही वेळा योग्य निकाल मिळण्याची शक्यता उरते सत्तर टक्के. म्हणजे दिवसचे दिवस घालवून दर तीन-चार शोधांत एक शोध पूर्णपणे भलत्या बदलाकडे बोट दाखवणार. एकदा चुकीचा ‘चांगली’ शिक्का बसला की पुढची सगळी फेरी त्या चुकीवर रचली जाते. अशा प्रकरणात तासन्‌तास वाट पाहून हाती आलेला एक हँग किती मोलाचा असतो! तो आला, की बटण दाबून घालवायचा?

आणखी एक आक्षेप हल्ली जोरात आहे. कंपन्यांना सगळं आपोआप कळतं म्हणे. चाचणी आवृत्तीत टेलिमेट्री असते, कोट्यवधी यंत्रांची माहिती त्यांच्याकडे जाते. तुमच्या एका तक्रारीने काय होणार? पहिली गोष्ट, माहिती पाठवायला यंत्र चालू असावं लागतं. गोठलेलं यंत्र पाठवतं काय, तर पुन्हा सुरू झाल्यावर ‘मागच्या वेळी रीतसर बंद झालो नव्हतो’ एवढंच. वीज गेली, बॅटरी संपली, मांजराने वायर ओढली, सगळ्यांची नोंद सारखीच. दुसरी गोष्ट, मोठी संख्या म्हणजे मोठी समज नव्हे. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०ची १८०९ आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २ तारखेला खुली केली आणि चारच दिवसांत थांबवली, कारण काही लोकांच्या फाइल्स अद्ययावत करताना पुसल्या जात होत्या. हा हँगचा प्रकार नव्हे, पण इथे लागू आहे. चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांपैकी काहींनी हे आधीच कळवलं होतं. त्यांच्या तक्रारींना दुजोरा देणारे थोडे होते, म्हणून त्या ढिगाऱ्यात राहून गेल्या. नंतर कंपनीने तक्रारीबरोबर तिची तीव्रता सांगण्याची सोय केली. ज्यांनी लिहिलं ते बरोबर होते, ज्यांनी मोजलं ते चुकले.

‘एकदाच झालं, पुन्हा होईना, सोडून द्या’ हे त्या बटणाच्या सल्ल्याचं सभ्य रूप. पण सोडून दिलेलं परत येतं. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ला मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. व्हीएक्सवर्क्स ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसे, मधल्या महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू देत नसत, आणि त्याच कुलपाची वाट पाहत फार महत्त्वाचं काम तिष्ठत राही; मग पहारेकरी वैतागून सगळंच पुन्हा सुरू करी. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हे दिसलं होतं, पण हवं तेव्हा पुन्हा घडवून दाखवता आलं नव्हतं. मंगळावर बिघडल्यानंतर उलगडा झाला तो पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर, सगळ्या हालचालींचा माग नोंदवत ते तसंच अडकेपर्यंत चालवल्यावर. दुरुस्ती होती कुलपाची एक खूण बदलण्याएवढी. तिथे बटण दाबायला कुणी नव्हतं. यंत्र स्वतःच ते दाबत होतं, आणि दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम लांबणीवर पडत होतं.

प्रतिपक्षाच्या तीन गोष्टी मला मान्य आहेत. पोटापाण्याच्या यंत्रावर चाचणी आवृत्ती टाकू नये. उद्या सकाळी ज्याला ताळेबंद द्यायचा आहे त्याने हँगचा अभ्यास करत बसावं, असं मी म्हणणार नाही. त्याने ती टाकायलाच नको होती. दुसरं, यंत्रच सदोष असू शकतं. रॅम खराब असेल, पंखा धुळीने भरला असेल, तर लाख लॉग काढा. म्हणून आधी मेमटेस्ट रात्रभर चालवून पाहावं आणि जुनी आवृत्ती त्याच यंत्रावर तितकाच वेळ तपासावी. तिसरं, विकसक खरोखर तक्रारींखाली बुडालेले असतात. ‘तुमची नवी आवृत्ती हँग होते, काहीतरी करा’ असं पत्र पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं. आणि बाहेरचा बंद ड्रायव्हर कर्नलमध्ये घातलेला असेल तर तक्रार बाजूला ठेवली जाते. राग येतो, पण जो कोड त्यांना दिसतच नाही त्याची चौकशी ते कशी करणार? तो काढून पुन्हा घडवून दाखवा, मग बोला.

पण या तिन्ही मुद्द्यांतून निघतं ते असं, की तक्रार नीट करा. तक्रार करू नका, हे त्यातून निघत नाही. नेमकी आवृत्ती, कोणतं यंत्र, गोठण्याआधी काय चालू होतं, कोणती शेवटची आवृत्ती चांगली चालली, पिंग लागलं की नाही, आणि लॉगच्या ओळी जशाच्या तशा. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटोही चालतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर मागच्या वेळेचा लॉग जर्नलमधून काढता येतो, तो पहिल्यांदा काढावा; मग ईमेल, मग बाकीचं. डिस्कच अडकत असेल तर नेटकन्सोल लावून लॉग घरातल्या दुसऱ्या यंत्रावर पाठवावा, म्हणजे इथे काही लिहिलं गेलं नाही तरी तिथे राहील.

एवढा वेळ ज्याच्याकडे नाही, त्याने निदान दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसावं, घड्याळात पाहावं आणि १२० सेकंद उलटू द्यावेत. मग सिसआरक्यू, डब्ल्यू, सिसआरक्यू, एस. त्यानंतर बटण दाबायला माझी काही हरकत नाही.